विश्लेषण : गुणफलकावर न दिसणारा खेळाडू… बास्केटबॉलमधील बचावपटू डेनिस जॉन्सनला सर्वोच्च सन्मानासाठी २० वर्षे का थांबावे लागले?

एनबीएच्या अंतिम मालिकेतील सातवा सामना म्हणजे हंगामातील शेवटचा सामना. त्यापुढे काहीच नसते. ७ जून १९७८ रोजी सिएटलमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, डेनिस जॉन्सन या २३ वर्षांच्या गार्डने अशा सामन्यात १४ वेळा बास्केटच्या दिशेने चेंडू टाकला आणि १४ही वेळा तो चुकला. सिएटल सुपरसॉनिक्सने सामना ९९-१०५ असा गमावला, वॉशिंग्टन बुलेट्स विजेते ठरले. पुढच्याच वर्षी याच दोन संघांत पुन्हा अंतिम मालिका झाली. या वेळी सिएटल जिंकले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच जॉन्सनला मिळाला.

तीन विजेतेपदे आणि सलग नऊ वर्षे लीगच्या सर्वोत्तम बचाव संघात स्थान मिळवलेल्या या खेळाडूला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमने मात्र त्याच्या हयातीत दार उघडले नाही. असे का झाले, याचे उत्तर त्याच्या स्वभावात आहे, तसेच बचाव या गोष्टीच्या स्वरूपातही आहे.

फोर्कलिफ्ट चालवणारा मुलगा एनबीएत कसा पोहोचला?

डेनिस वेन जॉन्सनचा जन्म १८ सप्टेंबर १९५४ रोजी लॉस एंजेलिसच्या बंदराकडील सॅन पेड्रो भागात झाला आणि तो वाढला कॉम्प्टनमध्ये. वडील गवंडीकाम करत, आई समाजसेविका. एकूण १६ भावंडे, त्यात हा आठवा. लहानपणी त्याला बेसबॉलची ओढ होती, बास्केटबॉल त्याला वडिलांनी शिकवले.

डॉमिंग्वेझ हायस्कूलच्या संघात तो होता, पण नावापुरता. उंची जेमतेम ५ फूट ९ इंच, आणि सामन्यात खेळायला मिळायची एक-दोन मिनिटे. अमेरिकेत एनबीएत जाणाऱ्या मुलांवर शाळेपासूनच महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांची नजर असते. जॉन्सनकडे कोणीही पाहिले नाही. शाळा संपल्यावर तो गोदामात फोर्कलिफ्ट चालवू लागला, मजुरी ताशी पावणेतीन डॉलर. काम संपले की संध्याकाळी भावांबरोबर उन्हाळी लीगचे सामने खेळायचे, एवढाच काय तो बास्केटबॉल उरला होता.

पण या काळात दोन गोष्टी घडल्या. उंची वाढून ६ फूट ३ इंचांवर गेली आणि पायांत विलक्षण उडी आली. लॉस एंजेलिस हार्बर कॉलेजचे प्रशिक्षक जिम व्हाइट यांनी त्याला असेच खेळताना पाहिले आणि प्रवेश घ्यायला सांगितले. हे दोन वर्षांचे स्थानिक महाविद्यालय होते, प्रतिष्ठेच्या विद्यापीठांपैकी नव्हे. तिथे जॉन्सनने संघाला राज्य विजेतेपदापर्यंत नेले. त्याच दोन वर्षांत व्हाइट यांनी त्याला तीन वेळा संघाबाहेरही काढले. प्रशिक्षकांशी खटके उडण्याची ही सुरुवात होती आणि हे खटके पुढे दशकभर त्याचा पाठलाग करणार होते.

नंतर एक वर्ष पेपरडाइन विद्यापीठात खेळून तो १९७६च्या ड्राफ्टमध्ये उतरला. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची संघांत होणारी वाटणी. ज्याची निवड जितकी आधी, त्याच्याकडून तितक्या अपेक्षा. जॉन्सनचा क्रमांक लागला २९वा, दुसऱ्या फेरीत. त्याच्या वादांची चर्चा बहुतेक संघांपर्यंत पोहोचली होती. सिएटलने मात्र चार वर्षांचा करार केला, पहिल्या वर्षीचे मानधन ४५ हजार डॉलर. त्या वेळी सिएटलचे प्रशिक्षक होते बिल रसेल, म्हणजे बचावाच्या जोरावर बोस्टन सेल्टिक्सला ११ विजेतेपदे जिंकून देणारा महान सेंटर. योगायोगच म्हणायचा.

गार्डचा बचाव म्हणजे नेमके काय?

कबड्डी पाहणाऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही. चढाईपटूची प्रत्येक चढाई पकडीत संपत नाही. बऱ्याचदा बचावफळी त्याला फक्त हव्या त्या जागी जाऊ देत नाही आणि तो रिकाम्या हाताने परततो. गुणफलक हलत नाही, पण बचाव यशस्वी झालेला असतो.

बास्केटबॉलमध्ये चेंडू ताब्यात आल्यावर संघाला २४ सेकंदांत बास्केटच्या दिशेने फेक करावी लागते. चेंडू पुढे आणून चाल रचण्याचे काम सहसा गार्डचे असते. त्याच्यावरचा बचावपटू शरीर सतत त्याच्या आणि बास्केटच्या मध्ये ठेवतो, त्याला नावडत्या हाताच्या बाजूला ढकलतो आणि मध्यरेषेपासूनच अंगाला अंग लावून त्याचा वेग कमी करतो. समोरच्या गार्डला चाल सुरू करायला नेहमीपेक्षा चार सेकंद जास्त लागली, तर २४चे २० होतात. मग घाईत, अवघड कोनातून फेक होते. ती चुकते. नोंदवहीत लिहिले जाते की अमक्याची फेक चुकली. ती कोणी चुकवायला लावली, याला रकाना नाही.

त्या काळच्या नियमांमुळे हे काम आणखी वैयक्तिक होते. एनबीएत तेव्हा झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, बंदी होती. प्रत्येकाने आपापला माणूस सांभाळायचा. समोर लीगचा सर्वोत्तम गार्ड आला, तर संपूर्ण संध्याकाळ तो एकाच माणसाची जबाबदारी. जॉन्सनला ही जबाबदारी आवडायची. खांदे रुंद, हात लांब, पाय झपाट्याने सरकणारे. आणि उडी अशी, की गार्ड असूनही तो उंच खेळाडूंच्या फेकी हवेत अडवायचा. १९७८च्या अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्यात त्याने सात फेकी ब्लॉक केल्या. गार्डसाठी हा आकडा अविश्वसनीय आहे. सिएटलने तो सामना अवघ्या एका गुणाने जिंकला.

० बाद १४ नंतर काय झाले?

१९७७-७८च्या हंगामात सिएटलने पहिल्या २२पैकी १७ सामने गमावले होते. मग लेनी विल्कन्स प्रशिक्षक झाले, त्यांनी जॉन्सनला सुरुवातीच्या पाचांत आणले आणि संघ थेट अंतिम मालिकेपर्यंत गेला. म्हणजे सातव्या सामन्यातील त्या १४ चुकलेल्या फेकी एखाद्या राखीव खेळाडूच्या नव्हत्या. संघाच्या पुनरुज्जीवनाचा जो चेहरा होता, त्याच्या त्या होत्या. त्या दिवशी त्याच्या नावावर जमा झाले चार गुण, तेही फ्री थ्रोवर.

अशा दिवसानंतर खेळाडू एक तर फेक करायला घाबरतो, नाही तर चूक भरून काढण्याच्या नादात अविचारी फेकी करतो. जॉन्सनच्या बाबतीत तिसरेच घडले. पुढच्या हंगामात त्याचा आक्रमक खेळ सुधारला, तो पहिल्यांदा ऑल-स्टार सामन्यात खेळला आणि पहिल्यांदाच सर्वोत्तम बचाव संघात निवडला गेला. १९७९ची अंतिम मालिका सिएटलने पहिला सामना दोन गुणांनी गमावून सुरू केली आणि पुढचे चारही जिंकले. जादा वेळेत गेलेल्या चौथ्या सामन्यात जॉन्सनचे ३२ गुण होते.

इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. त्या मालिकेत सिएटलतर्फे सर्वाधिक गुण जॉन्सनचे नव्हते. त्याचा साथीदार गार्ड गस विल्यम्सची सरासरी सुमारे २९ होती, जॉन्सनची सुमारे २३. तरीही सर्वोत्तम खेळाडू जॉन्सन ठरला. दोन्ही बाजूंचा खेळ एकत्र मोजला गेल्याचे एनबीएच्या इतिहासात फार वेळा दिसत नाही, तो हा प्रसंग. सिएटल सुपरसॉनिक्सचे ते एकमेव विजेतेपद. २००८मध्ये हा संघच ओक्लाहोमा सिटीला हलवण्यात आला.

विजेतेपदानंतर वर्षभरात संघाने त्याला का सोडले?

१९७९-८०मध्ये सिएटलने ५६ सामने जिंकले, पण प्लेऑफमध्ये लॉस एंजेलिस लेकर्सकडून १-४ अशी हार झाली. त्या लेकर्समध्ये मॅजिक जॉन्सन नावाचा एक नवखा गार्ड होता. आडनाव सारखे असले तरी दोघांचे नाते काही नव्हते. या दोघांची गाठ पुढे पुन्हा पडणार होती.

दरम्यान, विल्कन्स आणि डेनिस जॉन्सन यांचे संबंध पूर्ण बिघडले होते. ज्या प्रशिक्षकाने त्याला घडवले, त्यानेच त्याची तुलना संघात पसरणाऱ्या कर्करोगाशी केली. १९८०च्या उन्हाळ्यात त्याला फिनिक्स सन्सकडे पाठवून बदल्यात पॉल वेस्टफल हा नामवंत गार्ड घेण्यात आला. या व्यवहारात सिएटलचा फायदा झाला असे म्हणणे कठीण आहे. वेस्टफल दुखापतींनी बेजार झाला, विल्यम्स मानधनाच्या वादात हंगामभर बाहेर राहिला आणि गतवर्षीचा हा बलाढ्य संघ ३४ विजयांवर घसरला. फिनिक्सने ५७ जिंकले आणि जॉन्सन त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत निवडला गेला.

फिनिक्समध्ये तो तीन हंगाम खेळला. खेळ चांगला, प्लेऑफमध्ये संघाची निराशा आणि शेवटी प्रशिक्षक जॉन मॅकलिऑड यांच्याशी दुरावा, असा तो काळ. १९८३मध्ये त्याला पुन्हा विकले गेले. कारकिर्दीची सात वर्षे, दोन संघ, दोन्हीकडून निघताना त्रासदायक माणूस हाच शिक्का. हा शिक्का त्याच्या गुणांपेक्षा, स्टील्सपेक्षा आणि ब्लॉक्सपेक्षा जास्त काळ टिकला.

बोस्टनने मग त्याला का घेतले?

कारण बोस्टनला एक ठोस अडचण होती. फिलाडेल्फियाचा अँड्र्यू टोनी हा गार्ड सेल्टिक्सविरुद्ध अक्षरशः हात धुऊन मागे लागायचा. १९८२च्या निर्णायक सातव्या सामन्यात त्याने बोस्टनमध्येच ३४ गुण केले होते. १९८३मध्ये तर मिलवॉकीने सेल्टिक्सला ०-४ असे धुतले. लॅरी बर्ड, केव्हिन मॅकहेल, रॉबर्ट पॅरिश अशी पुढची फळी जगात कुणाकडे नव्हती, पण मागे समोरच्या गार्डला अडवणारा माणूस नव्हता. सेल्टिक्सचे सर्वेसर्वा रेड ऑरबॅक यांनी राखीव सेंटर रिक रोबी फिनिक्सला दिला आणि जॉन्सनला घेतले. एनबीएतील सर्वांत एकतर्फी व्यवहारांच्या यादीत तो आजही असतो.

नवे प्रशिक्षक के. सी. जोन्स हे स्वतः सेल्टिक्सचे बचावासाठी ओळखले जाणारे गार्ड होते. जॉन्सन जे करतो ते किती अवघड असते, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. बोस्टनमध्ये जॉन्सन सात वर्षे राहिला आणि प्रशिक्षकाशी भांडण झाल्याच्या बातम्या थांबल्या. माणूस बदलला की त्याला समजून घेणारा प्रशिक्षक भेटला? बहुधा दोन्ही.

१९८४मध्ये मॅजिकला कसे रोखले गेले?

जॉन्सनच्या बचावाची सर्वांत मोठी परीक्षा ही. अंतिम मालिका, बोस्टन विरुद्ध लेकर्स. मॅजिक जॉन्सन ६ फूट ९ इंच उंचीचा पॉइंट गार्ड होता, म्हणजे समोरच्या गार्डच्या डोक्यावरून त्याला सगळे कोर्ट दिसायचे. पहिले तीन सामने त्याच्यावर मुख्यतः जेराल्ड हेंडरसन होता. तिसऱ्या सामन्यात मॅजिकने अंतिम मालिकेतील विक्रमी २१ असिस्ट दिले आणि लेकर्सने १३७-१०४ असा सामना जिंकला. त्या सामन्यात डेनिस जॉन्सनचे गुण होते चार.

चौथ्या सामन्यापासून जोन्स यांनी अदलाबदल केली. मॅजिकची जबाबदारी डेनिस जॉन्सनकडे. पाच इंचांचा फरक होता, त्यामुळे वरून जाणारी प्रत्येक पास अडवणे शक्यच नव्हते. अडवायचे होते ते मॅजिकला आवडत्या जागी पोहोचण्यापासून. लेकर्सचा खेळ वेगावर चालायचा. रिबाउंड मिळताच मॅजिक चेंडू घेऊन सुसाट निघायचा आणि बचाव मांडला जाण्याआधी बास्केट व्हायची. त्या वाटेत एक दणकट शरीर सतत आडवे आले, की गाडी दुसऱ्या गिअरमध्येच राहते. शिवाय जॉन्सन ताकदवान असल्याने मॅजिकला त्याला पाठीने रेटत बास्केटजवळ नेणे हेंडरसनइतके सोपे गेले नाही.

चौथा सामना बोस्टनने जादा वेळेत १२९-१२५ असा जिंकला. जॉन्सनचे २२ गुण, १४ असिस्ट. मॅजिकने त्या जादा वेळेत दोन महत्त्वाचे फ्री थ्रो चुकवले. शेवटच्या चारही सामन्यांत जॉन्सनने २० किंवा अधिक गुण केले, तेही मॅजिकला सांभाळत. सातव्या सामन्यात १४ गुणांची आघाडी तीनवर आली, तेव्हा सेड्रिक मॅक्सवेलने मॅजिकच्या हातून चेंडू उडवला आणि नंतर दोन फ्री थ्रो टाकून सामना संपवला तो जॉन्सनने. बोस्टन १११-१०२. सहा वर्षांपूर्वीच्या सातव्या सामन्यात एकही फेक न जमलेला तोच हा गार्ड.

मॅजिकने पुढे आपल्यासमोर उभ्या राहिलेल्या गार्डमध्ये सर्वोत्तम बचावपटू म्हणून त्याचेच नाव घेतले. प्रतिस्पर्ध्याने दिलेले प्रमाणपत्र वेगळेच असते.

बर्डबरोबरची समज

१९८५च्या अंतिम मालिकेत लेकर्सच्या मैदानावर चौथा सामना १०५-१०५ असा बरोबरीत होता. शेवटचे काही क्षण उरलेले, चेंडू बर्डकडे, त्यामुळे दोन बचावपटू त्याच्यावर धावले. बर्डने मोकळ्या जॉन्सनकडे चेंडू दिला आणि वेळ संपता संपता त्याने लांबून फेक केली. १०७-१०५. ती मालिका मात्र लेकर्सने ४-२ अशी जिंकली. १९८६मध्ये बोस्टनने ६७ सामने जिंकून आणि अंतिम मालिकेत ह्यूस्टन रॉकेट्सला ४-२ असे हरवून विजेतेपद परत मिळवले. जॉन्सनचे हे तिसरे.

पण त्याची सर्वाधिक पाहिली जाणारी चित्रफीत १९८७मधील डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्धची आहे, आणि त्यात सगळे बर्डकडेच पाहतात. पाच सेकंद शिल्लक, डेट्रॉइट एका गुणाने पुढे, चेंडूही त्यांचाच. आयझेया थॉमसने बाहेरून टाकलेला पास बर्डने झडप घालून पळवला. बर्ड रेषेबाहेर कलंडत होता, बास्केटकडे त्याची पाठ होती. पुढच्या वेळी ही चित्रफीत पाहाल तेव्हा चेंडू सोडून पांढऱ्या जर्सीतील दुसऱ्या माणसाकडे पाहा. बर्डच्या हाताला चेंडू लागताच जॉन्सन बास्केटकडे धावत सुटलेला दिसतो. कुणी हाक मारली नव्हती, ठरलेली चाल नव्हती. तो धावला नसता, तर बर्डने पास कुणाला दिला असता? १०८-१०७, एक सेकंद शिल्लक. आपल्या साथीदारांमध्ये सर्वोत्तम म्हणून बर्डने जॉन्सनचे नाव घेतले, मॅकहेल आणि पॅरिशसारखे दिग्गज संघात असताना.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत?

जॉन्सन १९९०मध्ये निवृत्त झाला. १४ हंगाम, १,१०० सामने, १५,५३५ गुण, ५,४९९ असिस्ट. १४पैकी १३ हंगामांत त्याचा संघ प्लेऑफमध्ये होता. साखळी सामन्यांत त्याची सरासरी १४.१ गुण, प्लेऑफच्या १८० सामन्यांत १७.३. बहुतेकांची सरासरी प्लेऑफमध्ये घसरते, कारण समोरचा बचाव कडक होतो. याची वाढली.

हे सगळे आकडे आक्रमणाचे. बचावाचे म्हणून मोजले जाणारे स्टील आणि ब्लॉक एनबीएत १९७३-७४पासूनच नोंदवले जाऊ लागले आणि त्यांतून बचावाचा एक कोपराच दिसतो. उलट फार स्टील करू पाहणारा गार्ड जागा सोडतो आणि मागे भगदाड पडते. त्यामुळे जॉन्सनच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे सर्वोत्तम बचाव संघातील १९७९ ते १९८७ अशी सलग नऊ वर्षांची निवड, सहा वेळा पहिल्या आणि तीन वेळा दुसऱ्या संघात. ही निवड तेव्हा प्रशिक्षकांच्या मतांवर व्हायची आणि त्यांना स्वतःच्या खेळाडूला मत देता येत नसे. म्हणजे प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांना कोण डोकेदुखी वाटत होता, त्याची ही यादी.

निवृत्तीनंतर

डिसेंबर १९९१मध्ये बोस्टनने त्याचा ३ क्रमांक निवृत्त केला. सिएटलमध्ये तो २४ क्रमांकाने खेळायचा. तो क्रमांकही पुढे निवृत्त झाला, पण स्पेन्सर हेवूडच्या नावाने.

जॉन्सनला मुख्य प्रशिक्षक व्हायचे होते. सेल्टिक्स आणि क्लिपर्समध्ये तो सहायक होता आणि २००३मध्ये क्लिपर्सचा हंगामी मुख्य प्रशिक्षक म्हणून २४ सामने मिळाले, त्यातले आठ जिंकले. कायमची संधी आलीच नाही. त्याच्या आयुष्यातील एक प्रकरण इथे टाळता येणार नाही. १९९७मध्ये पत्नीला चाकूचा धाक दाखवल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली होती. पत्नीने खटला पुढे न नेण्याचे ठरवल्यावर आरोप मागे घेण्यात आले आणि समुपदेशनानंतर दोघे एकत्र राहिले. जुन्या शिक्क्याला या प्रकरणाने बळ दिले, हे उघड आहे. जॉन्सन मग एनबीएच्या छोट्या विकास लीगकडे वळला, आधी फ्लोरिडा फ्लेम आणि नंतर ऑस्टिन टोरोस. ज्याला शाळेत दोन मिनिटे मिळत होती, तो आता ड्राफ्टमध्ये मागे पडलेल्या मुलांना शिकवत होता.

२२ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्टिनमध्ये सराव आटोपल्यावर तो कोसळला. हृदयविकाराचा झटका होता. वय ५२.

तोवर बर्ड, मॅकहेल, मॅजिक आणि पॅरिश हे चौघेही हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसले होते. जॉन्सनची निवड २०१०मध्ये जाहीर झाली, निवृत्तीनंतर २० वर्षांनी आणि मृत्यूनंतर तीन वर्षांनी. १३ ऑगस्टला स्प्रिंगफील्डमध्ये सोहळा झाला. त्याच दिवशी सन्मानित झालेल्यांत बचावासाठीच ओळखला जाणारा स्कॉटी पिपेन होता, जॉन्सनला तीन वेळा अंतिम मालिकेत समोर पाहिलेल्या लेकर्सचे मालक जेरी बस होते, आणि १९९२चा अमेरिकेचा ऑलिम्पिक संघही होता. त्या संघाचे खेळाडू म्हणून मॅजिक आणि बर्ड यांचाही त्या दिवशी दुसऱ्यांदा समावेश झाला.